पाळीव कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण : गावपातळीवर कूपन योजना कशी चालवावी (ओरत्तनाडु परिसरासाठी माहिती)

थोडक्यात

घरची कुत्री वर्षातून दोनदा व्याली, तर आठ-दहा पिल्लांची सोय लावावी लागते. पिल्ले मारवत नाहीत, सांभाळवतही नाहीत, आणि खासगी दवाखान्यातील ऑपरेशन परवडत नाही. मग कोणीतरी ती रात्री बाजारात किंवा बसस्थानकाजवळ सोडून येते. ही अडचण एका घराची नसून गल्लीची असते, म्हणून तिच्यावरचा उपायही गल्लीने मिळून केल्यास स्वस्त पडतो. असा एक उपाय म्हणजे कूपन योजना. गाव, बचत गट किंवा संस्था आधी निधी जमवते, दवाखान्याशी दर ठरवते आणि गरजू कुटुंबांना कूपन देते. कुटुंब ते कूपन दाखवून आपल्या जनावराचे ऑपरेशन करून घेते.

महत्त्वाची सूचना : या पानावर एखाद्या सरकारी अनुदानाची घोषणा नाही. गावाने स्वतः चालवायच्या योजनेची पद्धत येथे दिली आहे. कोणी पैसे घेऊन ‘सरकारी नसबंदी कूपन’ विकत असेल, तर आधी पेरूराट्चि (नगर पंचायत) कार्यालयात किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

ही माहिती कोणासाठी आहे?

- कुत्रा किंवा मांजर पाळणारी, कमी उत्पन्नाची कुटुंबे
- महिला बचत गट, युवक मंडळे, निवासी संघटना
- ओरत्तनाडु पेरूराट्चि व तालुक्यातील ग्रामपंचायतींचे सदस्य
- तंजावर जिल्ह्यातील मराठी भाषक कुटुंबे, ज्यांना दवाखान्यातील व कार्यालयातील कामकाज तमिळमध्ये करावे लागते (उपयोगी तमिळ शब्द शेवटी दिले आहेत)

निर्बीजीकरण म्हणजे काय?

मादीच्या बाबतीत पूर्ण भूल देऊन अंडाशय, आणि बहुतेक वेळा गर्भाशयही, काढले जाते. नराच्या बाबतीत वृषण काढले जातात. ऑपरेशन एकदाच करावे लागते. नंतर मादी माजावर येत नाही आणि गाभण राहत नाही.

पिल्ले थांबण्याखेरीज इतर फायदेही आहेत. मादीला गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होत नाही. पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झाल्यास स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये मिलनातून पसरणाऱ्या, जननेंद्रियांवरील रक्ताळ गाठी आपल्याकडे बऱ्याच दिसतात, त्यांचाही प्रसार घटतो. नर माजावरच्या मादीमागे दूर भटकणे आणि त्यावरून मारामाऱ्या करणे कमी करतो.

जबाबदारी कोणाची? कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखाली केंद्र सरकारने १० मार्च २०२३ रोजी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अधिसूचित केले. कुत्र्यांसाठीचे २००१ चे जुने नियम त्यामुळे मागे पडले. नव्या नियमांत जबाबदारीची वाटणी अशी आहे :

- भटकी जनावरे : निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीची. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत करावे लागते. ऑपरेशननंतर कानाला खूण करून जनावर पकडले त्याच जागी सोडले जाते.
- पाळीव जनावरे : जंताचे औषध, लसीकरण, प्रजननावर नियंत्रण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी.

या वाटणीमध्ये एक जनावर दोन याद्यांच्या मधे राहते. कुत्रीला घरचेच भात-सांबार घालतात आणि ती रात्री अंगणातच झोपते, पण दिवसभर गल्लीत, बाजारात आणि शेताच्या बांधावर फिरते. पकडणारी गाडी आली की मालक ‘आमची आहे’ म्हणून तिला आत घेतो, त्यामुळे ती भटक्यांच्या यादीत येत नाही. ऑपरेशनचा खर्च झेपत नसल्याने ती पाळीव म्हणूनही दवाखान्यात पोहोचत नाही. तिची पिल्ले मात्र वर्षभरात भटक्यांच्या यादीत जाऊन बसतात. कूपन योजना प्रामुख्याने या जनावरासाठी आहे. तुमच्या भागात अशी किती जनावरे आहेत, ते मोजण्यापासूनच कामाला सुरुवात करा.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा :

- पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पिल्ले रस्त्यावर टाकणेही त्यात येऊ शकते.
- जनावराला विष घालणे, ठार करणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.
- सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार भटक्या कुत्र्यांना निर्बीजीकरण, जंताचे औषध व लस देऊन त्याच भागात सोडायचे आहे. पिसाळलेली, तसा संशय असलेली व आक्रमक कुत्री याला अपवाद आहेत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून पकडलेली कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले आहे. तुमचा कुत्रा पट्ट्याशिवाय बसस्थानकात फिरत असेल, तर तो तुमचा आहे हे पकडणाऱ्याला कळणार नाही. पट्टा, त्यावर बिल्ला आणि लसीचे कार्ड आवश्यक आहे.

कूपन पद्धत कोठून आली?

भारतात या विषयातील जुने काम चेन्नईचे आहे. तेथील ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेने १९६४ मध्ये कुत्र्यांना मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग सुरू केला आणि १९९६ मध्ये महापालिकेने तो स्वीकारला. हे काम मुख्यतः भटक्या कुत्र्यांचे होते. पाळीव जनावरांसाठी सवलतीच्या कूपनांची पद्धत अमेरिकेतील काही शहरांत रुळली. लॉस एंजेलिस शहराने १९७१ मध्ये पालिकेचा स्वतःचा स्वस्त निर्बीजीकरण दवाखाना उघडला. पुढे तेथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कूपने देऊन खासगी दवाखान्यांमार्फतही ऑपरेशने होऊ लागली. दवाखाना बांधण्याइतका पैसा नसला, तरी असलेल्या दवाखान्यांच्या मोकळ्या वेळेचा उपयोग करून घेता येतो. कूपनाचा हाच फायदा ओरत्तनाडुसारख्या ठिकाणी लागू पडतो.

ओरत्तनाडुत कोणाला सोबत घ्यावे?

तंजावर–पट्टुक्कोट्टै रस्त्यावरील ओरत्तनाडुला मुक्तांबाळपुरम असेही म्हणतात. सरफोजी महाराज दुसरे यांनी येथे मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र तंजावरच्या मराठी घरांना ऐकून तरी ठाऊक असते. आज या गावाची आणखी एक सोय तुमच्या कामाची आहे. तमिळनाडु पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथेच आहे. बहुतेक तालुक्यांना ऑपरेशनसाठी दूरच्या शहरात जावे लागते, तुमच्या तालुक्याला तशी वेळ येऊ नये.

योजनेसाठी पाच ते सात जणांची समिती करा. तिच्यात किंवा तिच्या संपर्कात हे असावेत :

- पशुवैद्यक : महाविद्यालयाचे पशुरुग्णालय किंवा पशुसंवर्धन विभागाचा दवाखाना. आठवड्यात किती ऑपरेशने घेता येतील, कोणत्या वारी, शुल्क किती आणि औषधे कोणाची, हे लेखी घ्या. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच ऑपरेशन करावे.
- पेरूराट्चि किंवा ग्रामपंचायत : लसीकरण, जनजागृती आणि भटक्या कुत्र्यांच्या कामाशी ताळमेळ यासाठी. तमिळनाडूत ग्रामसभा २६ जानेवारी, २२ मार्च, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या दिवशी भरते. विषय आधी लेखी द्या आणि ठरावाची प्रत घ्या.
- महिला बचत गट : कोणाच्या घरी काय पाळले आहे, कोणाची कुत्री गाभण आहे आणि कोणाला खरोखर मदत लागेल, हे गटाला ठाऊक असते. नोंदणी गटाकडे द्या.
- जिल्हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था किंवा मान्यताप्राप्त प्राणी कल्याण संस्था : जनावरे हाताळण्याचा अनुभव आणि देणगीची पावती या दोन्हीसाठी.
- वाहनचालक : गावातील एक-दोन रिक्षा किंवा छोटा टेम्पो. याचे कारण पुढे दिले आहे.

निधी कोठून?

- स्थानिक देणग्या, सहकारी संस्था, व्यापारी संघटना
- कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याणाचा समावेश आहे. हा निधी नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो, बचत गटाच्या नावावर थेट मागू नका.
- कुटुंबाचा छोटा वाटा. रक्कम समितीने ठरवावी, पण वाटा देता येत नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये.

कूपनात काय-काय धरावे?

येथे बहुतेक योजना फसतात. कूपनात फक्त ऑपरेशनचे शुल्क धरले, तर कुटुंबाच्या माथी तीन खर्च उरतात : जनावर नेण्या-आणण्याचे भाडे, बुडालेली एक-दोन दिवसांची मजुरी, आणि टाक्यांसाठी दुसरी फेरी. महिलांना साध्या शहर बसचा प्रवास मोफत असला, तरी कुत्रा घेऊन बसमध्ये चढता येईलच असे नाही. परिणामी कूपन देवघरात किंवा रेशन कार्डाच्या पाकिटात पडून राहते आणि मुदत संपते.

हिशेब कसा बदलतो ते पाहा. खालील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे दर दवाखान्यात विचारूनच लिहा.

समजा निधी १,००,००० रुपये आहे आणि एका मादीच्या ऑपरेशनचे शुल्क औषधांसह १,८०० रुपये आहे.

- फक्त शुल्क धरले, तर कागदावर ५५ कूपने होतात.
- रेबीजची लस २००, वाहन २०० आणि दुसरी फेरी २०० रुपये धरले, तर प्रत्येक जनावराला २,४०० रुपये लागतात. ३६ कूपनांचे ८६,४०० रुपये झाले आणि १३,६०० रुपये अडचणीच्या वेळेसाठी राहिले.

अहवालात ५५ हा आकडा चांगला दिसतो. पण त्यातली निम्मी कूपने वापरली न गेल्यास ३६ कूपनांची योजना अधिक पिल्ले थांबवते. अडचणीची रक्कम कधीही वाटून संपवू नका. एखाद्या जनावराचे टाके उसवले किंवा जंतुसंसर्ग झाला, तर त्याचा खर्च योजनेनेच करायला हवा. एका घराची फसगत झाली की पुढची दहा घरे माघार घेतात.

पात्रता आणि प्राधान्य

- ओरत्तनाडु परिसरात राहणारे कुटुंब. पुरावा म्हणून रेशन कार्ड पुरेसे आहे. पीएचएच व पीएचएच-एएवाय कार्डधारकांना प्राधान्य देता येईल.
- रेशन कार्ड नसलेली स्थलांतरित मजूर कुटुंबे, घरकाम करणाऱ्या एकट्या महिला, वृद्ध : बचत गटाच्या शिफारशीवर.
- आधी माद्या. एक नर उरला तरी गल्लीतल्या सर्व माद्या गाभण राहू शकतात, म्हणून कूपने कमी असतील तर पिल्लांची संख्या माद्यांच्या ऑपरेशननेच घटते.
- एका गल्लीतील सर्व जनावरे एकाच फेरीत घ्या. गावभर विखुरलेल्या वीस ऑपरेशनांपेक्षा एका गल्लीतील वीस ऑपरेशनांचा फरक लवकर दिसतो.
- मांजरांना वगळू नका. भाटी चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि पिल्ले पीत असतानाही पुन्हा गाभण राहते.

आधार कार्डाची छायाप्रत मागण्याची गरज नाही. जेवढी माहिती लागते तेवढीच घ्या.

कूपनावर काय छापावे?

१. अनुक्रमांक व समितीचा शिक्का
२. मालकाचे नाव, गल्ली, संपर्क क्रमांक
३. जनावर : कुत्रा/कुत्री/बोका/भाटी, रंग, अंदाजे वय, ओळखीची खूण
४. दवाखान्याचे नाव, ठरलेली तारीख व वेळ
५. कूपनात काय मोफत आहे आणि मालकाचा वाटा किती
६. मुदत (सहा आठवड्यांपेक्षा जास्त नको)
७. ‘विक्रीस किंवा दुसऱ्यास देण्यास नाही’
८. उपाशी ठेवण्याची सूचना, तमिळ व मराठीत, मोठ्या अक्षरांत

कूपन दोन भागांत असावे. एक भाग ऑपरेशननंतर दवाखान्याकडे राहील आणि महिनाअखेरीस त्याच भागांवरून बिल चुकते होईल. दुसरा भाग मालकाकडे राहील, त्यावर लस व टाक्यांची नोंद असेल.

कोणत्या महिन्यांत करावे?

मराठीत कुत्र्यांचा भाद्रपद प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कुत्र्या मोठ्या संख्येने माजावर येतात आणि सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी, गल्लीत पिल्ले दिसू लागतात. त्यामुळे मोठी फेरी भाद्रपदाआधी संपवा.

- फेब्रुवारी ते एप्रिल : सर्वांत सोयीचे. सांबा भाताची कापणी उरकलेली असते, हवा कोरडी असते. अग्निनक्षत्राचा कडक उन्हाळा सुरू होण्याआधी फेरी पूर्ण करा.
- जून-जुलै : मेट्टूरचे पाणी आल्यावर कुरुवै लावणीची घाई असते. कामकरी महिलांना दिवस मोकळा मिळत नाही. घेतलीच तर छोटी फेरी घ्या.
- ऑक्टोबर ते डिसेंबर : ईशान्य मोसमी पाऊस. अंगण ओले आणि चिखल असल्याने जखम कोरडी ठेवणे अवघड जाते. कोरडी जागा असलेल्या घरांनाच कूपन द्या.

काम टप्प्याटप्प्याने

१. मोजणी : गल्लीनुसार घरोघरी जाऊन पाळीव जनावरांची यादी करा. मादी किती, गाभण किती, लस झालेली किती, हे लिहा.
२. दवाखान्याशी करार : दर, वार, रोजची संख्या आणि अडचण आल्यास कोणाला बोलवायचे, हे एका कागदावर घ्या.
३. पहिली छोटी फेरी : सुरुवातीला पाच-सहा जनावरेच घ्या. चुका येथेच कळतात.
४. कूपन देणे : तारीख ठरल्यावरच कूपन द्या. ‘केव्हाही या’ असे कूपन वापरले जात नाही.
५. आदल्या संध्याकाळी आठवण : फोन करा किंवा घरी जा. उपाशी ठेवण्याची सूचना पुन्हा सांगा.
६. एकत्र वाहन : एका गल्लीची जनावरे एकाच फेरीत न्या, प्रत्येक वेगळ्या पिंजऱ्यात किंवा दोरीने वेगळे बांधून.
७. तिसऱ्या व दहाव्या दिवशी भेट : गटाच्या सदस्याने घरी जाऊन जखम पाहावी आणि नोंद करावी.

ऑपरेशनपूर्वी

- वय साधारण सहा महिने किंवा पशुवैद्यक सांगतील तसे.
- कुत्री माजावर असेल, तर पशुवैद्यक तारीख पुढे ढकलू शकतात. व्यालेली असेल, तर पिल्ले दूध सोडेपर्यंत, साधारण दोन महिने, थांबावे लागते.
- गेल्या १० दिवसांत कोणाला चावलेले जनावर ऑपरेशनला आणू नका. ते बांधून निरीक्षणाखाली ठेवायचे असते. पशुवैद्यकांना लगेच कळवा.
- प्रौढ जनावराला आदल्या रात्रीपासून खाऊ घालू नका. पिल्लांना आणि अशक्त जनावरांना किती वेळ उपाशी ठेवायचे व पाणी केव्हा बंद करायचे, हे दवाखान्यात विचारा. पोट भरलेले असताना भूल दिली आणि उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते. शेजाऱ्यांनी भात घातला असेल तर लपवू नका. तारीख बदलेल, कूपन रद्द होणार नाही, असे समितीने आधीच सांगावे.
- मांजर पोत्यात घालून नेऊ नका. झाकण बांधता येणारी, हवा खेळणारी टोपली वापरा.
- संमतिपत्र घरच्या प्रमुखाला त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. भुलीत थोडा धोका असतो, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

ऑपरेशननंतर घरी

- पहिली रात्र घरात, कोरड्या जागी, इतर जनावरांपासून दूर. शुद्ध पूर्ण येईपर्यंत अन्न देऊ नका, मग थोडे-थोडे द्या.
- १० ते १४ दिवस आंघोळ नाही, मोकळे सोडणे नाही. बाहेर न्यायचे तर दोरीने.
- जखम चाटू देऊ नका. गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर मिळाली तर वापरा.
- हळद, चुना, राख किंवा रॉकेल जखमेवर लावू नका.
- माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकते.
- जखमेतून रक्त थांबत नसेल, पू किंवा दुर्गंध येत असेल, टाके उसवले असतील, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील किंवा दुसऱ्या दिवशीही जनावर उठत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पशुवैद्यकीय रुग्णवाहिकेसाठी १९६२ हा क्रमांक आहे.
- नरामध्ये ऑपरेशननंतरही काही आठवडे शुक्राणू शिल्लक राहू शकतात. तोवर माजावरच्या मादीपासून दूर ठेवा.

लस आणि नसबंदी : दोन्ही हवे

नसबंदीमुळे रेबीज टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणसांमधील रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटनांत संसर्ग कुत्र्यामार्फत होतो, आणि साखळी तोडण्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते. दर सहा महिन्यांनी नवी, लस न झालेली पिल्ले गल्लीत येत राहिली, तर हे प्रमाण टिकत नाही. निर्बीजीकरण लसीकरणाला साथ देते ते असे. गोव्यात अनेक वर्षे सलग सामूहिक लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. म्हणून प्रत्येक कूपनात लस धराच. पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, मग पशुवैद्यक सांगतील तशी बूस्टर आणि दरवर्षी एक.

कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. लसीचे सर्व डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. चावणारे जनावर घरचे आणि लस झालेले असले तरी डॉक्टरांना दाखवा.

नोंदी आणि हिशेब

एका वहीत पाच रकाने पुरेसे आहेत : कूपन क्रमांक, दिल्याची तारीख, ऑपरेशनची तारीख, लस, दहाव्या दिवशीची स्थिती. दर महिन्याला दिलेली कूपने, वापरलेली कूपने आणि बरी झालेली जनावरे हे तीन आकडे सूचना फलकावर लावा. दिलेल्या आणि वापरलेल्या कूपनांत मोठा फरक दिसला, तर लोक निष्काळजी आहेत असे गृहीत धरू नका. न आलेल्या घरी जाऊन कारण विचारा. बहुधा वाहन, मजुरी किंवा भीती यांपैकी एक कारण निघते आणि तिन्हींवर उपाय करता येतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*कुत्री एकदा तरी व्यायला हवी ना?*
नाही. त्याला वैद्यकीय आधार नाही. पहिल्या माजाआधीचे ऑपरेशन आरोग्याला फायद्याचेच असते.

*ऑपरेशननंतर कुत्रा राखण करणार नाही का?*
करतो. घर आणि माणसे यांची राखण करण्याची सवय जात नाही. वजन वाढू शकते, म्हणून खाणे थोडे कमी करा.

*माझा कुत्रा घरचाच आहे, मग भटक्या कुत्र्यांच्या मोफत शिबिरात नेता येईल का?*
ती सोय भटक्या जनावरांसाठी असते. पाळीव जनावर घेतील की नाही हे आयोजकांना आधी विचारा. घरचे जनावर भटके म्हणून सांगू नका. कानाला खूण होईल आणि मालकी सिद्ध करणे अवघड जाईल.

*शेजारची कुत्री कोणाचीच नाही, पण सगळेच खाऊ घालतात. तिला कूपन मिळेल का?*
ऑपरेशननंतर १४ दिवस तिला कोरड्या जागी ठेवण्याची लेखी जबाबदारी एका घराने घेतली आणि ते घर तिला पुढे आपली म्हणून सांभाळणार असेल, तर मिळावे. कोणीही पुढे येत नसेल, तर तिचे नाव स्थानिक संस्थेला भटक्यांच्या यादीसाठी द्या.

*कूपनाची मुदत संपली तर?*
न येण्याचे कारण विचारून एकदा नवी तारीख द्यावी.

दवाखान्यात उपयोगी पडणारे तमिळ शब्द

- कालनडै मरुत्तुवमनै : पशुवैद्यकीय रुग्णालय
- करुत्तडै : गर्भनिरोध, निर्बीजीकरण
- तडुप्पूसि : लस
- वेरिनाय्क्कडि : पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा
- कुडुंब अट्टै : रेशन कार्ड
- नाय : कुत्रा, पूनै : मांजर

आता काय करावे?

तुमच्या गल्लीत घरांच्या संख्येइतकी एक यादी करा : कोणाकडे कोणते जनावर, नर की मादी, लस झाली की नाही. ही यादी घेऊन बचत गटाच्या पुढच्या बैठकीत बसा आणि तिची एक प्रत पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. निधी नंतर जमवता येतो. यादी तयार असेल, तर तो कोणाच्या जनावरावर, कोणत्या आठवड्यात आणि किती खर्च करायचा, हे पहिल्याच बैठकीत ठरवता येते.